सात बाटल्या, एक चेहरा आणि न झालेली चाचणी

गेल्या हिवाळ्यात आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरनं मला विचारलं, "ताई, नुसत्या पाण्यानं चेहरा झोंबू शकतो का?" तिचे गाल लाल झाले होते, नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटले होते. सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन दोन आठवड्यांवर आलेलं, आणि ही मास्क लावून लॅबमध्ये वावरत होती.

तिच्या रूमवर गेले तर टेबलावर सात बाटल्या. फोमवाला फेसवॉश, ग्लायकॉलिक आम्लाचा टोनर, व्हिटॅमिन सीचं सिरम, नायसिनामाइड, रात्रीसाठी रेटिनॉल, मॉइश्चरायझर आणि आठवड्यातून दोनदा वापरायचा स्क्रब. सनस्क्रीन नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी जाहिरात बघून घेतलेलं नाही हं. प्रत्येकाचे पेपर वाचलेत."

आणि ते खरं होतं. प्रत्येकाचा पेपर होता. मीसुद्धा शहाणपणा करून तिला "बॅरिअर रिपेअर" असं लिहिलेलं एक क्रीम सुचवलं, म्हणजे आठवी बाटली. त्याचा एकही पेपर मी वाचला नव्हता.

आजूबाजूचे सगळे म्हणाले, अति तिथे माती. म्हण बरोबर आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्याला म्हणीवर थांबून चालत नाही. अति म्हणजे कशाचं? किती? किती दिवस? कुणाच्या त्वचेवर आणि कशाच्या तुलनेत? हे प्रश्न घेऊन मी पुढचे काही आठवडे या विषयातलं वाचन केलं. त्यातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगते: या पेपरांमधला पुरावा एकेका बाटलीचा आहे, आणि आपण वापरतो ते अख्खं रूटीन. त्वचेचं नुकसान बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या जागेत होतं, आणि तिथे कुणी फारसं मोजत नाही.

आधी भिंत समजून घेऊ

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराला स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणतात. बहुतेक अंगावर त्याची जाडी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर असते. आपल्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे 100 मायक्रोमीटर, यावरून अंदाज घ्या. तळहात-तळपायावर हा थर बराच जाड असतो, चेहऱ्यावर पातळ.

अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी मांडलेलं विटा आणि चुन्याचं मॉडेल तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलं असेल. केराटिननं भरलेल्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त फॅटी आम्लं म्हणजे चुना. पाणी आत धरून ठेवायचं काम मुख्यतः हा चुना करतो.

मॉडेल छान आहे, पण भिंत म्हटलं की आपल्याला ती एकदा बांधून झालेली वाटते. ही भिंत रोज बांधली जाते आणि रोज वरून थोडी झडते. दोन्ही कामं एन्झाइम करतात आणि त्या एन्झाइमांना पीएच लागतो. त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, साधारण 4 ते 6 पीएच. सिरॅमाइड तयार करणाऱ्या काही एन्झाइमांना हे आम्लधर्मी वातावरण मानवतं. विटांना विटा जोडून ठेवणारे प्रथिनांचे दुवे तोडणारी एन्झाइम मात्र पीएच वर गेला की जोरात चालतात. साध्या साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10 असतो. म्हणजे दिवसातून चार वेळा साबणानं तोंड धुणाऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडतात: चुना कमी बनतो आणि विटा लवकर सुटतात. शिवाय साबण थोडा चुना सोबत घेऊन जातो, ते वेगळंच.

आता यावर आम्लाचा टोनर लावला तर? पीएच खाली येईल, हिशेब बरोबर होईल, असं माझ्या ज्युनिअरचं गणित होतं. पण ग्लायकॉलिक आम्लाचं काम विटांमधले दुवे सैल करण्याचंच आहे. स्क्रब तेच काम घासून करतो. रेटिनॉल खालून नव्या पेशींचा वेग वाढवतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पापुद्रे काढतं. सातपैकी चार बाटल्या वेगवेगळ्या मार्गानं एकच काम करत होत्या. लेबलांवर मात्र चार वेगळे फायदे लिहिलेले.

जास्त डोस म्हणजे जास्त फायदा?

या प्रश्नाला दोन जुन्या अभ्यासांनी चांगलं उत्तर दिलंय, आणि ते दोन्ही डोस-रिस्पॉन्स शिकवायला वापरावेत इतके स्वच्छ आहेत.

1986 साली मिल्स, क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी मुरुमांवरच्या बेन्झॉईल पेरॉक्साईडच्या 2.5%, 5% आणि 10% जेलांचा अभ्यास केला. रुग्ण 153. लाल, पू भरलेले फोड कमी करण्यात 2.5% जेल हे 5% आणि 10% जेलांच्या तोडीचं निघालं. सोलवटणं, लाली आणि जळजळ मात्र 10% पेक्षा 2.5% मध्ये कमी होती.

1995 साली ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी उन्हानं खराब झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनची 0.1% आणि 0.025% अशी दोन प्रमाणं 99 जणांवर 48 आठवडे तपासली. दोन्ही प्रमाणांचा फायदा सारखाच. त्रास मात्र 0.1% च्या गटात जवळजवळ तिप्पट.

या दोन्हींत एक समान आकृती आहे. फायद्याचा आलेख एका ठिकाणी सपाट होतो, पण त्रासाचा आलेख चढतच राहतो. आपण पेपर वाचताना बहुधा फायद्याचा आलेख बघतो आणि त्रासाचा तक्ता शेवटच्या पानावर सोडून देतो. 'अति' नेमकं कुठे सुरू होतं हे सांगायला दोन्ही एकत्र ठेवावे लागतात. जिथे पहिला आलेख सपाट झालाय आणि दुसरा चढतोय, तिथून पुढे अति.

बेरजेचा प्रश्न

पण हे झालं एकाच बाटलीचं. आता सात.

एखादं उत्पादन त्वचेला सुरक्षित आहे हे दाखवायला जी पॅच टेस्ट करतात, ती आधी बघा. नेहमीच्या पद्धतीत निरोगी स्वयंसेवकांच्या पाठीवर किंवा दंडावर एक पदार्थ पट्टीखाली ठेवतात. तीन आठवड्यांत वारंवार लावतात, मध्ये विश्रांती देतात, मग पुन्हा लावून प्रतिक्रिया बघतात. ॲलर्जी शोधायला पद्धत चांगली आहे. पण त्यात चेहरा नाही, ऊन नाही, आधी घासलेला स्क्रब नाही, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या सहा बाटल्या नाहीत.

दोन गोष्टी एकत्र आल्या की परिणाम बदलतो का? बदलू शकतो, याचा थेट पुरावा आहे. 2000 साली विगर-अल्बर्टी, क्रेब्स आणि एल्सनर यांनी सोडियम लॉरिल सल्फेट आणि टोल्युईन ही दोन त्रासदायक रसायनं स्वयंसेवकांच्या त्वचेवर वेगवेगळी आणि एकत्र वापरून पाहिली. एकच पदार्थ दिवसातून दोनदा लावण्यापेक्षा दोघांची जोडी जास्त नुकसानकारक ठरली. आता इथे घाई करू नका. टोल्युईन हे कारखान्यातलं द्रावण आहे, कुणी ते सिरममध्ये घालत नाही. म्हणून या अभ्यासावरून "टोनर आणि रेटिनॉल एकत्र घातक" असं म्हणता येणार नाही. इतकंच म्हणता येईल की 'अ' सुरक्षित आणि 'ब' सुरक्षित यावरून 'अ अधिक ब' सुरक्षित असं गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ऊन हाही बेरजेतला एक आकडा आहे. 2003 साली कायदबे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 10% ग्लायकॉलिक आम्ल चार आठवडे लावल्यावर त्वचा अतिनील किरणांना जास्त संवेदनशील होते, आणि लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत होते. अमेरिकेच्या एफडीएनं 2005 साली अशा आम्लांच्या उत्पादनांवर उन्हाचा इशारा छापण्याची शिफारस केली. माझ्या ज्युनिअरनं आम्लाचा पेपर वाचला होता, पण तिच्या टेबलावर सनस्क्रीन नव्हतं, आणि ती रोज दुपारी बारा वाजता हॉस्टेलवरून मेसपर्यंत चालत जात होती.

मग सात बाटल्यांची चाचणी कुणी का करत नाही? गणित करून बघा. प्रत्येक बाटली 'आहे' किंवा 'नाही' धरली तर 2 चा 7 वा घात, म्हणजे 128 गट. गटात फक्त 30 माणसं घेतली तरी 3840 माणसं. ज्यांनी डिझाईन ऑफ एक्सपेरिमेंट्स शिकलंय ते म्हणतील, फ्रॅक्शनल फॅक्टोरिअल वापरा, 16 गटांत काम होईल. होईल, पण त्या 16 गटांत दोन-दोन घटकांच्या परस्परक्रिया एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे आपल्याला जे बघायचंय तेच धूसर होतं. शिवाय एखादी कंपनी स्वतःच्या सिरमचा अभ्यास करेल, दुसऱ्याच्या टोनरसोबत त्याचं भांडण होतं का हे शोधायला पैसे का घालेल? यात कुणाचा कट नाही. प्रश्न कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तो पडून आहे.

यंत्र काय मोजतं?

"आठ तासांत ओलाव्यात वाढ" अशा दाव्यांमागे बहुधा कॉर्निओमीटर असतो. तो त्वचेच्या वरच्या थराची विद्युतधारिता मोजतो. पाणी आणि ग्लिसरीन असलेलं क्रीम लावून लगेच मोजलं तर आकडा वाढणारच. त्यातून भिंत मजबूत झाली हे कळत नाही, भिंत ओली आहे एवढंच कळतं.

भिंतीचं मोजमाप म्हणून टीईडब्ल्यूएल वापरतात. घाम सोडून त्वचेतून बाष्प होऊन जाणारं पाणी, दर चौरस मीटरला दर तासाला किती ग्रॅम, असा तो आकडा. भिंत फुटली की तो वाढतो. पण इथेही फसगत आहे. पेट्रोलियम जेलीचा थर लावला की टीईडब्ल्यूएल लगेच खाली येतो. छपरावर ताडपत्री टाकल्यासारखं ते आहे. गळती थांबली, पण कौलं बदलली का, हे ताडपत्री काढल्याशिवाय समजत नाही. म्हणून पेपर वाचताना शोधा: शेवटचं क्रीम लावल्यावर किती तासांनी मोजलंय? खोलीचं तापमान आणि आर्द्रता किती होती? हे मोजमाप साधारण 20-22 अंश आणि 40 ते 60 टक्के आर्द्रतेला करायचा संकेत आहे. जुलैमधली मुंबई आणि मे महिन्यातलं अकोला यांपैकी कुठलीच जागा त्यात बसत नाही. आकडे आपल्याकडे लागू करताना हे लक्षात ठेवावं लागतं.

'सिरॅमाइड आहे' या शब्दाचीही एक गंमत. 1993 साली इलायस यांच्या गटानं ॲसिटोननं भिंत मोडलेल्या उंदरांवर चुन्याचे घटक लावून पाहिले. तिन्ही घटक एकत्र लावले तर दुरुस्ती नीट झाली. एकच किंवा दोनच लावले तर दुरुस्ती उलट लांबली. उंदीर म्हणजे माणूस नाही, आणि बाजारातल्या क्रीमचं सूत्र वेगळं असतं, हे कबूल. पण मी ज्युनिअरला सुचवलेल्या आठव्या बाटलीवर फक्त "सिरॅमाइड" एवढंच ठळक छापलं होतं, आणि मला तेवढं पुरलं होतं.

उलट बाजूची घाई

आता दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो: सगळं फेकून द्या, चेहऱ्याला काहीच लावू नका, आजीचं तेच खरं. हाही दावा तपासावाच लागेल.

1999 साली हेल्ड आणि सहकाऱ्यांनी 20 निरोगी स्वयंसेवकांना एका हातावर दिवसातून तीनदा, चार आठवडे मॉइश्चरायझर लावायला सांगितलं. दुसरा हात तुलनेसाठी मोकळा. नंतर दोन्ही हातांवर सोडियम लॉरिल सल्फेट लावलं, तर क्रीम लावलेल्या हाताची भिंत जास्त बिघडली. यावरून "मॉइश्चरायझरनं त्वचा आळशी होते" असं वाक्य फिरतं. पण युरिया असलेल्या क्रीमांवरच्या अभ्यासांत उलटा निकालही आलाय, तिथे त्वचा त्रास जास्त सहन करू शकली. म्हणजे 'मॉइश्चरायझर' हा गट म्हणून प्रश्न विचारणंच चुकीचं. त्यात काय आहे, हे विचारायला हवं.

घरगुती उपायांनाही सूट नाही. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास असतो, तो चेहऱ्यावर चोळणं हा आम्लाचा टोनर लावण्यासारखाच प्रकार आहे, फक्त प्रमाण कुणी मोजत नाही. 2013 साली डॅनबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑलिव्ह तेल काही आठवडे रोज लावल्यावर प्रौढांच्या त्वचेची भिंत कमकुवत झाली, सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. अभ्यास छोटा आहे, पण बाळाच्या मालिशीला महागडं म्हणून ऑलिव्ह तेल आणणाऱ्या घरांनी तो वाचावा असा आहे.

बाळांवरून आठवलं. 2014 साली 124 नवजात बाळांच्या एका प्राथमिक चाचणीत, रोज अंगाला मलम लावल्यानं इसबाचं प्रमाण निम्म्यावर आलं. सगळीकडे उत्साह. मग ब्रिटनमधल्या बीप नावाच्या मोठ्या चाचणीत 1394 बाळं घेतली आणि 2020 साली निकाल आला: दोन वर्षांच्या वयात इसब मलमवाल्या गटात 23 टक्के, दुसऱ्या गटात 25 टक्के. म्हणजे फरक नाही. उलट मलमवाल्या गटात पहिल्या वर्षात त्वचेचे संसर्ग थोडे जास्त. इसब झालेल्या बाळाला मलम लागतंच, त्याबद्दल हा निकाल काही म्हणत नाही. पण निरोगी त्वचेला 'आधीच काळजी' म्हणून काही देताना फायदा गृहीत धरू नये, हे त्यातून नक्की शिकता येतं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या बहुकेंद्री अभ्यासात, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइडचं क्रीम वापरत होते. त्यानंही त्वचा पातळ, लाल आणि झोंबरी होते. तेव्हा "स्किनकेअरचा अतिरेक" हे निदान करायच्या आधी, मेडिकलमधून आणलेली एखादी गोरेपणाची ट्यूब घरात आहे का, हे विचारावंच लागतं.

मग आम्ही काय केलं

आठवी बाटली मी परत न्यायला लावली आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्टेरॉइडबद्दल विचारलं (नव्हतं), आणि तीन गोष्टी ठेवल्या: सौम्य क्लेन्झर, एक साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. प्रेझेंटेशनच्या दिवशी गाल अजून लालसर होते, पण पाणी झोंबत नव्हतं. पाच-सहा आठवड्यांत चेहरा पूर्ववत झाला.

आम्ही दोघी लगेच म्हणालो, "बघ, रेटिनॉलच होतं." आणि मग दोघीही गप्प झालो, कारण हे आम्हाला माहीत नव्हतं. बऱ्याच गोष्टी एकदम बंद केल्या होत्या. थंडी संपत आली होती. प्रेझेंटेशनचा ताण गेला होता. आणि सगळ्यात वाईट दिवशी मोजायला सुरुवात केली की पुढचे दिवस आपोआप बरे दिसतात, ज्याला आपण रिग्रेशन टू द मीन म्हणून परीक्षेत दोन मार्कांना लिहितो.

मग तिनं डॉक्टरांना विचारून लॅबच्या वहीसारखी एक वही केली. एका वेळी एकच बाटली परत, चेहऱ्याच्या एकाच बाजूला, दोन आठवडे. रोज झोंबणं शून्य ते दहामध्ये, लाली आहे की नाही, ऊन किती वेळ. नायसिनामाइडनं काही झालं नाही. टोनर परत आणल्यावर चौथ्या दिवशी त्या बाजूला आकडा 0 वरून 5 वर गेला, थांबवल्यावर उतरला. रेटिनॉल, ज्याला आम्ही दोषी ठरवलं होतं, ते आठवड्यातून दोनदा एकटं लावल्यावर तिला मानवलं.

हा पुरावा एका माणसाचा आहे, ब्लाइंडिंग नाही, आणि जिला टोनरचा संशय होता तीच मार्क देत होती. तो कुठे छापायच्या लायकीचा नाही. पण तिनं वाचलेल्या सात पेपरांत नसलेला एक प्रश्न त्यानं विचारला: या सगळ्या एकत्र असताना, यातली एक काढली तर काय होतं?

तुमच्या विषयात बाटल्या नसतील, खतं असतील, औषधं असतील, अल्गोरिदम असतील. लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक पेपरपुढे दोन रकाने आखा: यांनी काय तपासलं, आणि लोक प्रत्यक्षात काय वापरतात. दोन रकाने जुळले नाहीत की तिथे थांबा. तुमचा सिनॉप्सिस कदाचित तिथेच सुरू होईल.

आणि कुणाच्या चेहऱ्याला पाणी झोंबत असेल तर हे वाचून स्वतःच प्रयोग सुरू करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध परस्पर बंदही करू नका. आधी दाखवून या, वही नंतर.